ओच्यातल्या पोळ्या

भवानीपूर, कलकत्ता
२८ नोव्हेंबर १९५१

प्रिय शकुन,

पुष्पा सुखरूप आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू धीराने वाचशील.

मुलगी गुणी आहे. हेल्थ व्हिजिटरचा कोर्स अवघड दिसतो. सकाळी ट्रामने जाते ती दिवेलागणीला परत येते. आल्यावर कितीही दमलेली असली तरी माईंचे गुडघे चेपून देते. माझ्या सासूबाईंना तू माझ्या लग्नात पाहिलं होतंस. तेव्हाचं त्यांचं सोवळं आता दुप्पट झालंय असं समज. खालच्या बाजारातून मासळीचा वास येतो म्हणून त्या महिनोन्‌महिने जिना उतरत नाहीत. अशा माई तुझ्या मुलीच्या हातचं पाणी पितात.

आपण ठरवलं तसंच चाललंय. गळ्यातला क्रूस तिने आल्या दिवशीच काढून ट्रंकेत ठेवला. माईंना मी 'पुण्याच्या मैत्रिणीची मुलगी, पुष्पा देवस्थळी' एवढंच सांगितलं. आडनाव ऐकून त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. तुझ्या आजेसासऱ्यांनी धर्म बदलला, पण आडनाव तेच ठेवलं, हे त्यांना कुठून कळणार? वर्षाचा प्रश्न आहे. हॉस्टेलमध्ये जागा नाही, आणि परक्या शहरात तरण्या मुलीने कुठे राहायचं? माईंना कळलं तर त्या तिला एक दिवस ठेवून घेणार नाहीत, आणि मलाही जन्मभर ऐकावं लागेल.

आता खरं लिहिते. मागच्या आठवड्यातल्या सोमवारपासून पुष्पा सकाळी निघताना पदराआड काहीतरी लपवून नेते. विचारलं तर म्हणाली, "डबा आहे, मावशी." डबा तर खांद्यावरच्या पिशवीत होता! संध्याकाळी उशीर होतो. साडीला फिनेलचा वास येतो, आणि आणखी कसला तरी, गर्दीचा, आजारपणाचा. जेवणही कमी झालंय. खालच्या मजल्यावर सरलाबाई राहतात, आपल्यातल्याच, यजमान सरकारी ऑडिटमध्ये आहेत. त्यांनी तिला सियालदा स्टेशनच्या बाजूने येणाऱ्या ट्राममधून उतरताना पाहिलं. "पुण्याच्या मुलीचं सियालदाला काय काम हो?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. ऑडिट नवरा करतो, पण सवय बायकोला लागली आहे.

शकुन, तिथे कुणी आहे का? तुला ठाऊक असेल तर मला अंधारात ठेवू नकोस. आपण एका बाकावर बसून वाढलो. माझ्याशी लपवाछपवी करू नकोस.

तुझी,
कालिंदी


पुणे
९ डिसेंबर १९५१

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग तारीख मोजली आणि हसू आलं. तो सोमवार म्हणजे एकोणीस नोव्हेंबर. एकोणीस नोव्हेंबरला काय असतं, हे तू कॉन्व्हेंटमध्ये शिकून विसरलीस? सेंट एलिझाबेथचा सण. पुष्पाचं बाप्तिस्म्याचं नाव तेच.

आपलं नाटक आठवतं का? सिस्टर बेनेडिक्टांनी बसवलेलं. मी राणी एलिझाबेथ, गरिबांसाठी ओच्यात पाव लपवून गडावरून उतरणारी. तू माझा नवरा, कोळशाच्या मिशा काढलेला. तुला एकच वाक्य होतं, "ओच्यात काय आहे?" तू ते इतकं दरडावून म्हणालीस की माझे कागदी गुलाब वेळेआधीच खाली सांडले, आणि पावांचे गुलाब झाले हा चमत्कार कुणाला कळलाच नाही. पहिल्या रांगेत फादर खोकत हसत होते.

म्हणून सांगते, पोरीला दरडावू नकोस. सरळ विचार. ती खोटं बोलणारी नाही. निदान पुण्यात असताना नव्हती.

आणि आता माझं ऐक. तिने मला लिहिलंय, "मावशी फार मायाळू आहेत, पण आई, इथे मला सारखा श्वास रोखून धरल्यासारखं वाटतं." याचा अर्थ काय गं? तुमच्याकडे तिला काय बोलतात? रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाता येतं ना? की तेही माईंच्या पूजेच्या वेळेवर अवलंबून आहे? तू सगळं लिहिलंस, पण हे लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात जे नसतं तेच मला जास्त टोचतं.

तुझ्या दिगंबरपंतांना नमस्कार. माईंना सांगता येत नाही, तरी मनातल्या मनात.

तुझी,
शकुन


भवानीपूर, कलकत्ता
१८ जानेवारी १९५२

प्रिय शकुन,

रविवारी तुझी मुलगी मिस्साला जाते. माईंना वाटतं, ती फिरायला जाते. नाताळला पहाटेच उठून गेली, तेव्हा मी माईंना सांगितलं, परीक्षा आहे. पंचवीस डिसेंबरला परीक्षा! माईंना इंग्रजी कॅलेंडर कळत नाही म्हणून निभावलं. सरलाबाईंना कळतं.

त्यांच्याकडे परवा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला पुष्पाला न्यावंच लागलं, नाहीतर आणखी बोलणं झालं असतं. सरलाबाईंनी तिला कुंकू लावलं, वाण दिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "देवस्थळी म्हणजे कुठले गं तुम्ही? गोत्र काय?" पुष्पा म्हणाली, "आईला विचारून सांगते." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बावीस वर्षांच्या मुलीला गोत्र माहीत नाही! घरी येऊन तिने कपाळ धुतलं. रागाने नव्हे, हळू, जपून धुतलं. पण ते पाहून मलाच कसंतरी झालं. तेव्हा उलट टपालाने तुमच्या देवस्थळींचं जुनं गोत्र कळव. गरज आहे.

आता दुसरं. तू म्हणालीस सरळ विचार. मी विचारलं नाही, मागे गेले. हसू नकोस. पुढच्या ट्राममध्ये ती, मागच्या ट्राममध्ये मी, डोक्यावरून पदर घेऊन. सियालदा स्टेशन तू कधी पाहिलं नाहीस. पूर्व बंगालमधून आलेली माणसं अजून तिथे फलाटावरच राहतात. ट्रंका, चुली, तान्ही मुलं, सगळं तिथेच. पुष्पाने पदराआडून फडकं काढलं. त्यात पोळ्या होत्या. आमच्याच घरच्या, तिच्या वाटणीच्या. म्हणजे ती ज्या खात नव्हती त्या. एका बाळंतिणीला तिने त्या दिल्या, तिच्या मुलाच्या डोक्यावरचं गळू धुऊन बांधलं आणि तिथेच जमिनीवर बसून गप्पा मारत राहिली. तिला बंगाली येतं कधीपासून?

मला रडू येणार होतं. पण शेजारी एक म्हातारा उभा होता, तो दुसऱ्याला म्हणाला, "मिशनेर मेये. दूध दिये ख्रिष्टान कोरबे." मिशनची पोरगी आहे, दूध पाजून ख्रिस्ती करील. आणि शकुन, मला लिहायला लाज वाटते, पण माझं रडू तिथेच थांबलं. मनात आलं, खरंच तसं असेल तर? तिला कुणी पाठवलंय का? नसेल तर लपवते कशाला? चांगलं काम करणारी माणसं चोरासारखी जातात का? आणि ती घरी माईंचे पाय चेपते, तेही त्यातलंच असलं तर?

ट्रंकेत तो क्रूस आणि तुझ्या जुन्या रुमालात निळ्या मण्यांची जपमाळ आहे, एवढंच. बाकी कागदपत्र काही नाही. तरी तूच मला खरं काय ते लिही.

तुझी,
कालिंदी


पुणे
२ फेब्रुवारी १९५२

प्रिय कालिंदी,

जपमाळ माझ्या रुमालात गुंडाळलेली आहे, हे तुला कसं कळलं? पुष्पा ती कुणाला दाखवत नाही. तू तिची ट्रंक उघडलीस. माझी मुलगी तुझ्या घरी राहते, म्हणून तिच्या कुलपालाही तुझी किल्ली लागावी?

गोत्र मला ठाऊक आहे. कळवणार नाही. आजेसासऱ्यांनी ते बाप्तिस्म्याच्या दिवशी नाशिकला गोदावरीत सोडलं, आणि त्यापायी त्यांच्या सख्ख्या आईने त्यांचं तेरावं घातलं. एवढं मोल देऊन सोडलेली वस्तू मी सरलाबाईंच्या हळदीकुंकवासाठी परत आणू?

तिला कुणी पाठवलेलं नाही. असतं तर तिची राहायची सोय तरी त्यांनी केली असती. लपवते का, हे मला विचारतेस? तिने पोळ्या द्यायच्या म्हटलं तर का द्यायच्या, कुणाला द्यायच्या, कुठे शिकलीस हे, असे प्रश्न आले असते. एलिझाबेथचं नाव आलं असतं. त्याच्यामागून सगळंच बाहेर आलं असतं. क्रूस ट्रंकेत टाकल्यावर पोळ्याही पदराआडच जाणार.

तू मागे गेलीस त्याचा मला राग नाही. तू फलाटावरून तिला हाक न मारता परत आलीस, त्याचा आहे.

शकुन


भवानीपूर, कलकत्ता
२८ फेब्रुवारी १९५२

प्रिय शकुन,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं धैर्य होत नव्हतं. आता दिल्यावाचून गत्यंतर नाही. जे व्हायला नको होतं ते काल झालं.

शनिवारी महाशिवरात्र होती. माईंचे गुडघे इतके धरलेत की त्यांना नकुलेश्वराच्या देवळात जाता आलं नाही. तीन दिवस त्याच हुरहुरीत होत्या. काल बुधवारी पुष्पा पहाटे बाहेर गेली आणि आठाच्या सुमारास परत आली. सरलाबाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. साखर हे निमित्त. स्वयंपाकघराच्या दारात माई पाटावर बसल्या होत्या. पुष्पा आत आली आणि तिच्या कपाळावर राख होती.

मी ओळखलं. आपल्या वर्गातल्या ख्रिस्ती मुली राखेच्या बुधवारी तशाच यायच्या आणि आम्ही बाकीच्या तोंडाला रुमाल लावून हसायचो. पण माईंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! म्हणाल्या, "अगं बाई, नकुलेश्वराला जाऊन आलीस? माझ्या मनातलं कसं ओळखलंस गं पोरी?" आणि हात जोडून त्यांनी डोकं पुढे वाकवलं. "त्यातलं थोडं माझ्याही कपाळाला लाव. तुझ्या हातून मला अंगारा मिळायचा होता तर."

शकुन, तुझ्या मुलीने काही म्हणायची गरज नव्हती. नुसतं बोट कपाळाला लावून पुढे करायचं होतं. मी माईंच्या मागून तिला खुणावलंसुद्धा, लाव म्हणून. खोटं बोलणं नाही, काही नाही. माई सुखावल्या असत्या, सरलाबाईंचं तोंड कायमचं बंद झालं असतं, आणि वर्ष निघून गेलं असतं.

पुष्पा खाली बसली. माईंच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढी खाली. म्हणाली, "आजी, हा देवळातला अंगारा नाही. चर्चमधली राख आहे. मी ख्रिस्ती आहे. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

माई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग माई भिंतीला धरून उठल्या, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नव्हे, आणि विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

त्या न्हाणीघरात गेल्या. डोक्यावरून थंड पाणी घेतल्याचा आवाज येत राहिला. तेव्हापासून देवघरात आहेत. जेवल्या नाहीत. पाण्याचा हंडा त्यांनी स्वतः घासून पालथा घातलाय. सरलाबाई साखर न घेताच गेल्या. संध्याकाळपर्यंत भवानीपूरच्या सगळ्या मराठी घरांत कळलं असणार.

मी पुष्पावर ओरडले. म्हटलं, तू मुद्दाम केलंस. वाटेत कपाळ पुसता येत नव्हतं? ती म्हणाली, "ट्रामच्या थांब्यावर रुमाल काढला होता, मावशी. मग परत ठेवला. आजी काय समजतील ते माझ्या मनातही आलं नव्हतं." माझा अजून विश्वास बसत नाही. आणि बसतोही. काय ते मला कळत नाही.

रात्रभर ते नाटक आठवत होतं. एलिझाबेथच्या ओच्यात आयत्या वेळी गुलाब झाले, म्हणून ती वाचली. काल तुझ्या मुलीच्या कपाळावरही तेच झालं होतं, राखेचा अंगारा झाला होता. तिने तो घेतला नाही.

ती सामान बांधते आहे. मी तिला थांब म्हणाले नाही, जा म्हणाले नाही. तू काय ते कळव.

कालिंदी


पुणे
५ मार्च १९५२

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला मुलींना काय शिकवलं ते आठवत नाही.

शाळेच्या परीक्षा आटोपल्या की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेलने येते आणि तिला घेऊन जाते. कोर्स बुडाला तर बुडाला. तोपर्यंत छपराखाली राहू दे, एवढीच विनंती. माईंच्या नजरेस पडू देऊ नकोस.

क्रूस ट्रंकेत ठेव, हे मीच तिला स्टेशनवर सांगितलं होतं. तुला माईंची भीती होती हे कळतं. मला कुणाची होती? तेव्हा ती नुसती बरं म्हणाली. ते बरं मला आता झोपू देत नाही.

तुझ्यावर मी रागावले होते. अजूनही थोडी आहे. पण माईंना तू हो म्हणालीस.

शकुन


भवानीपूर, कलकत्ता
२१ मार्च १९५२

प्रिय शकुन,

तिकीट काढलं असशील तर परत कर. का ते लिहिते.

दोन दिवस माई कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुष्पा ट्रंक घेऊन खोलीतून बाहेर आली, तेव्हा देवघरातून आवाज आला, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "हॉस्टेलच्या व्हरांड्यात झोपू देतील का विचारते, आजी." माई म्हणाल्या, "व्हरांड्यात झोपलीस तर तुझी आई मला काय म्हणेल? ठेव ती ट्रंक." मग माझ्या अंगावर आल्या. "आणि तू! चार महिने माझ्या घरात पोरीला देवाचं नाव चोरून घ्यायला लावलंस. म्हातारीला काही कळत नाही, असंच ना? बाटवलं मला कुणी असेल तर तू!"

त्यांनी पुष्पाला मांडीवर घेतलं, असं काही समजू नकोस. तिच्या हातचं पाणी बंद झालंय ते बंदच आहे. तिचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. गुडघे चेपायला बोलावत नाहीत. पहिल्या संध्याकाळी पुष्पा सवयीने तेलाची वाटी घेऊन गेली, तर माईंनी पाय आखडून घेतले. ती वाटी ठेवून आपल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ते मला पाहवत नाही. पण क्रूस आता तिच्या गळ्यात असतो, आणि माई त्याच्याकडे मांजराकडे पाहावं तशा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतात.

संशय मात्र दुप्पट झालाय. आता तो धर्माचा नाही, उपवासाचा आहे. ईस्टरपर्यंत उपवास असतात, असं पुष्पाने एकदा सांगितलं आणि पंचाईत झाली. माई पाळत ठेवून असतात. "दुपारी तर पोटभर जेवलीस! हा कसला उपवास?" पुष्पा म्हणाली, "आमच्यात एक वेळ जेवण चालतं, आजी. शुक्रवारी मांस चालत नाही." माई म्हणाल्या, "मांस तर आमच्या घरात जन्मात शिजलं नाही. म्हणजे तुमचा उपवास आमच्या रोजच्या जेवणाएवढा! अशाने पुण्य लागतं होय?" मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसले. पुष्पाही हसली. माई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिच्या वेगळ्या ताटात साबुदाण्याची खिचडी होती. "करायचा तर नीट कर," एवढंच बोलल्या.

सियालदाचं पुष्पाने त्यांना स्वतःच सांगितलं. त्यांनी खोदून खोदून विचारलं. कुणाला देतेस? त्या बदल्यात काय सांगतेस? त्यांच्या देवाला नावं ठेवतेस का? पुष्पा म्हणाली, "बाळाचं गळू सुकलं का, एवढंच विचारते." माईंनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. विश्वास बसला की नाही, ठाऊक नाही. मलाही त्यांच्याशेजारी बसून तिच्याकडे तसंच पाहायचा मोह झाला. मग फलाटावरून मी कशी परत आले ते आठवलं आणि मान खाली घातली.

आता आज सकाळचं. पुष्पा निघाली, नेहमीसारखं पदराआड फडकं. जिन्यावर सरलाबाई उभ्याच होत्या. त्यांच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झालीत. आमचं आलेलं नाही, येणारही नाही. त्या म्हणाल्या, "काय गं, अजून झाकून नेतेस? आता तर सगळ्यांना कळलंय. दाखव तरी काय आहे ते."

पुष्पा बोलायच्या आत वरून आवाज आला. शकुन, माई! किती तरी महिन्यांनी जिन्याच्या कठड्यापर्यंत आल्या होत्या, मासळीच्या वासात, नाकाला पदर न लावता.

"पोळ्या आहेत, सरलाबाई! पोळ्या! आमच्याकडे ख्रिस्ती मुलगी राहते, तिच्या वाटणीच्या. तिचा उपवास चालू आहे. आपण कमी खाते आणि त्या स्टेशनवरच्या लोकांना घालते. आणखी काही विचारायचंय?"

सरलाबाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं.

मी कणकेच्या हातांनी दारात उभी होते. आपल्या नाटकात गुलाब सांडले की पडदा पडायचा. गुलाब झालेच नसते, ओच्यात पावच निघाले असते तर पुढे काय झालं असतं, हे सिस्टरांनी आपल्याला कधी सांगितलं नाही आणि आपणही कधी विचारलं नाही.

पुष्पाने फडकं पदराआडून काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि जिना उतरून गेली. मी खिडकीतून पाहिलं. ट्राम येईपर्यंत तिने ते तसंच समोर धरलं होतं.

माई आत आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "उद्यापासून कणीक जास्त भिजव. पोर वाळत चालली आहे."

तू ईस्टर झाल्यावर ये. तिला न्यायला नको, राहायला ये. तुझा तांब्या वेगळा असेल, तेवढं चालवून घे.

तुझी,
कालिंदी